कुंडीखालची बशी

नर्सबाई निवृत्त झाल्या आणि त्यांची सगळी शुश्रूषा बश्यांच्या वाट्याला आली. सोनेरी काठाच्या, हाताने रंगवलेल्या चिनी मातीच्या जेवणाच्या बश्या. प्रत्येकीवर एक वनस्पती, मुळापासून बीपर्यंत. संच बाराचा. अकरा त्यांनी वीस वर्षांत जुन्या बाजारातून एकेक करून जमवल्या होत्या. त्या कोमट पाण्यात धुवायच्या, मऊ कापडाने टिपायच्या आणि रचताना मध्ये फलाटीनच्या कापडाचा तुकडा घालायचा. नवरा म्हणे, मी आजारी होतो तेव्हा एवढं झालं नव्हतं.

बारावी सापडली ती थोरल्या नणंदेच्या गॅलरीत, कुंडीखाली. माती आणि क्षारांचा पांढरा थर चढलेला. ओळख पटली ती बशीच्या मागे लिहिलेल्या संचाच्या आकड्यावरून. मागितली तर वन्सं देणार नाहीत, हे ठाऊक होतं. म्हणून बाईंनी नुसतं, स्वच्छ करून आणते, असं सांगून ती नेली. परत करायचा विचार मनात नव्हता, हे खरं.

तीन दिवस त्या ओल्या कापसाच्या घड्या ठेवत राहिल्या. खरखरीत घासणी लावली असती तर सोनं गेलं असतं. तिसऱ्या दिवशी खसखशीचं तांबडं फूल वर आलं आणि बाईंचं मन त्यांना खाऊ लागलं. चौथ्या दिवशी त्या मुकाट्याने बशी घेऊन गेल्या. वन्संच म्हणतील, ठेव तुला, अशी आशा होती.

वन्संनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"अगं, हिच्यावर फूल होतं?"

"होतं नाही, वन्सं. आहे."

"मग आता मी कशाला देते?"

बाईंनी आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला, म्हणून नवरा पोट धरून हसला. बाई दोन दिवस फुरंगटून बसल्या. मग त्यांनी वन्संना फोन लावला.

"रविवारी जेवायला या. बशी घेऊन या."

वन्सं आल्या. बशी शालीत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी. बाईंनी टेबलावर बाराही बश्या मांडल्या. मग वन्सं आपल्या बशीत जेवल्या, ती स्वतः धुतली आणि पुन्हा शालीत बांधून घरी घेऊन गेल्या.

आता दर रविवारी असंच चालतं. गेल्या आठवड्यात तर दोघी जोडीच्या कपांसाठी जुन्या बाजारात गेल्या. कप मिळाला नाही. पण दुकानदाराशी वन्सं अशा काही भांडल्या, की बाईंना वाटलं, वीस वर्षं आपण या बाईला बाजारात सोबत न आणता उगाच घरी बसू दिलं.