न संपणारं जळण

मोताळ्याजवळच्या त्या शाळेत कोकिळा चौदा वर्षं खिचडी शिजवत होती. हट्ट एकच, घंटा झाल्यावर एकही पोर उपाशी राहता कामा नये. अंगणातली मातीची चूल तिनंच थापलेली. जळण म्हणजे पराटी, कपाशीच्या वाळक्या काड्या. धुरानं डोळे चुरचुरायचे, पण खिचडी कधी चुकली नाही.

दिवाळीनंतर एका संस्थेचे साहेब नवी शेगडी घेऊन आले. तिच्यात पाईनच्या लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्या घालायच्या आणि पंखा लावायचा. धूर नाही, काजळी नाही. "पाईन तोडला की पुन्हा लावतात. हे जळण संपतच नाही," साहेब म्हणाले. पाईनचं झाड गावात कुणी पाहिलं नव्हतं, तरी माना सगळ्यांनी डोलावल्या. मग फोटोसाठी जुनी चूल फोडायचं ठरलं. कोकिळानं पहार मारली. फोटो हलला म्हणून साहेब म्हणाले, "अजून एकदा, जरा जोरात." तिनं जोरात मारली. टाळ्या वाजल्या आणि तिला बरं वाटलं, कशाला लपवा?

दोन महिने खरोखर सुखाचे गेले. मग कांड्यांची पोती येईनाशी झाली. फोन केला तर कळलं, सगळा माल कारखान्यांच्या बॉयलरला जातोय, शाळेच्या दोन पोत्यांसाठी गाडी कोण धाडणार? शेवटचं पोतं झाडून झालं, तेव्हा तिनं पराटीचे बोटाएवढे तुकडे करून शेगडीत भरले. तिच्या हिशेबानं लाकूड ते लाकूड. शेगडीला ते पटलं नाही. राखेचं ढेकूळ झालं, पंखा अडकला, जळका वास सुटला आणि सगळं थंड पडलं. भिजवलेले तांदूळ तसेच राहिले.

"सर, बाहेर तीन दगड मांडतो. पाऊण घंट्यात होते खिचडी," कोकिळा म्हणाली.

हेडमास्तर नारायणराव माणूस भला, पण सरकारी. त्यांनी चक्क हात जोडले. "कोकिळाबाई, शाळेले धूरमुक्तीचं प्रमाणपत्र भेटलं आहे. रोज फोटो पाठवा लागते. धूर दिसला तर मले नोटीस, अन् तुमचं कामही जाईन."

"अन् पोरं?"

नारायणरावांनी पोरांना जेवायला घरी सोडलं.

नऊ जणं मात्र तिथंच बसून राहिली. त्यांचे आईबाप कापूस वेचायला गेलेले, घरांना कुलपं. कोकिळानं आपला डबा उघडला. दोन भाकरी आणि ठेचा. तिनं नऊ तुकडे केले. ते करताना तिला इतकी लाज वाटली की मान वर होईना.

दुसरीतल्या ओवीनं तुकडा दोन घासांत संपवला आणि रिकामी थाळी मांडीवर धरून विचारलं, "मावशी, जुनी चूल काऊन फोडली व तुनं?"

साहेबानं सांगितलं म्हणून, हे उत्तर कोकिळाच्या ओठांवर आलं होतं. पण दुसऱ्यांदा जोरात मारणारा हात तिचाच होता, आणि तेव्हा ओवी पुढच्याच रांगेत टाळ्या वाजवत बसली होती.