सदतीस दिवस

एवजकाकांच्या आश्रयाच्या अर्जात चौदा परिच्छेद होते, अकरा तारखा आणि शेवटी एक सही. अर्ज फेटाळला गेला तर त्यांना परत अफगाणिस्तानात धाडणार होते.

तारखा मी घातल्या होत्या. ब्रॉनविन वकीलबाईंकडे तेव्हा असे चाळीस अर्ज होते आणि दुभाष्या एकच. म्हणून डँडेनाँग उपनगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात काका आमच्या हजारगी भाषेत सांगत आणि मी इंग्रजीत लिहीत असे. मी नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेतली होती.

"आकडे नीट घाल गं," भरल्या पोळीचा, बोलानीचा, तुकडा मोडत काका म्हणाले. "तुझा बाप बोटं मोजताना अंगठा विसरतो."

"मी इलेक्ट्रॉन मोजते, काका. तारखांचं काय घेऊन बसलात!"

आमच्या अफगाण सालात सहाशे एकवीस मिळवले की इथलं साल येतं. आमच्यात हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. मी अकराही तारखांत तेवढेच मिळवले.

मग काकांना सगळं वाचून दाखवलं, हजारगीत, आमच्याच महिन्यांनी. त्यांच्या धाकट्या भावाला, बख्तावरला, गझनीच्या रस्त्यावर ट्रकमधून उतरवून मारलं: बारा हूत, तेराशे नव्वद. काकांनी घर सोडलं: वीस हमल, तेराशे एक्क्याण्णव.

"बरोबर?"

"बरोबर." त्यांनी सही केली.

सात महिन्यांनी नकार आला. अधिकाऱ्याने लिहिलं होतं: भावाचा खून २ मार्च २०११, प्रयाण ८ एप्रिल २०१२. ज्याला जिवाची खरी भीती असते, तो चारशे तीन दिवस त्याच घरात राहत नाही.

"चारशे तीन?" काका हसलेच. "अगं, बख्तावरचा चाळिसाव्या दिवसाचा विधीसुद्धा मला करता आला नाही. मी निघून गेलो होतो. हलवा माझ्या बायकोने वाटला."

मी कागद ओढला. आमचं वर्ष मार्चमध्ये उलटतं, इथलं जानेवारीत. हूत हा आमचा शेवटचा महिना या दोन्हींच्या मधे येतो. तिथे सहाशे बावीस मिळवायला हवे होते.

"काका, खून २०१२ सालचा. चारशे तीन नव्हे, सदतीस दिवस. मी चुकले."

त्यांनी कागद उचलून त्या आकड्यांवर बोट ठेवलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"म्हणजे मी खोटं बोललो नाही?"

"नाही."

"मग तसं लिहून टाक त्यांना. तुम्हा शास्त्रवाल्यांत चूक कबूल केली की ती दुरुस्त होते ना?"

मी एका पानावर दोन्ही पंचांगांचा तक्ता केला, खाली चूक माझी असल्याचं लिहून सही केली. ब्रॉनविनने तो फेरतपासणीच्या कार्यालयाकडे पाठवला.

"ते काकांना बोलावणार नाहीत," ती म्हणाली. "फक्त फाइल वाचतात. नकारानंतर आलेला कागद म्हणजे नवी माहिती, आणि नवी माहिती सहसा घेत नाहीत."

"ही माहिती कुठे आहे? ही बेरीज आहे!"

"मला कळतंय गं. त्यांच्या नियमाला नाही कळत."

सहा आठवड्यांनी निकाल आला. तक्ता ही नवी माहिती आहे. ती विचारात घेण्याजोगं असाधारण कारण दिसत नाही. अर्जदाराला निवेदन त्याच्या भाषेत वाचून दाखवलं होतं आणि ते बरोबर असल्याची त्याने सही केली आहे. नकार कायम.

मी वाचत असताना काकांनी माझ्यापुढचा गार चहा ओतून दुसरा भरला. "वाच, पुढे वाच," ते म्हणाले.

निकालपत्र नऊ पानांचं आहे. त्यात चारशे तीन हा आकडा पाच वेळा येतो. सदतीस एकदाही येत नाही.