साक्षीला मेहुणा

"निसर्गात खोटेपणाला जागा नाही," चिखलात पाय रोवत दंतवैद्यांनी जाहीर केलं. पुढचं पाऊल उचललं तेव्हा पाय वर आला आणि बूट खालीच राहिला.

मागून येणाऱ्या मेहुण्याने वाकून बूट उपसला, उलटा करून पाणी ओतलं आणि तळ न्याहाळत म्हणाला, "पार गुळगुळीत झालाय. क्लेम नामंजूर झाला असता."

मेहुणा विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासत असे. माणूस सांगतो ते ऐकून घ्यायचं आणि पत्रा सांगतो ते लिहायचं, याचा त्याला पगार मिळे. घरात सगळे त्याला पंचनामा म्हणत. हे नाव त्याच्या बहिणीने, म्हणजे दंतवैद्यांच्या बायकोने ठेवलेलं. ती गेल्याला अजून वर्ष व्हायचं होतं.

दोघे बांधावर उकिडवे बसले. समोर पाणथळ पसरली होती. अर्धी पाणी, अर्धी लव्हाळी, आणि वर धुक्याचा एक मळकट थर. पंचनाम्याच्या गळ्यात बहिणीची दुर्बीण होती. तिचा पट्टा त्याला आखूड पडत होता, पण दंतवैद्यांनी तो सैल करू दिला नव्हता.

"आता काय करायचं?"

"थांबायचं."

"किती वेळ?"

"ते पक्ष्यांवर आहे."

"म्हणजे आमच्या हेड ऑफिससारखंच."

दंतवैद्य हसले नाहीत. बायको असती तर तिने भावाच्या पाठीत एक चापट मारली असती. ती मारायला कोणी नाही म्हणून की काय, पंचनाम्याने दुर्बीण डोळ्यांना लावली.

पक्षीमंडळाचा नियम कडक होता. नवा पक्षी एकट्याने पाहिला तर तो यादीत धरत नसत. दोघांनी पाहायला हवा. एका माजी प्राचार्यांना दर रविवारी जगातून नाहीसे झालेले पक्षी दिसू लागले होते, त्यांना आवर घालायला हा नियम केला होता. दंतवैद्यांना त्याचा कधी जाच झाला नाही. ते बोट दाखवत, "दिसला?" म्हणून विचारत, आणि शेजारून बायको म्हणे, "दिसला." सगळं आयुष्य असं चाललं. एक फटाकडी तेवढी राहिली. दलदलीत राहणारा, कोंबडीच्या पिलाएवढा, कमालीचा लाजरा पक्षी. इस्पितळात बायको म्हणाली होती, "मी घरी आले की फटाकडीला जाऊ. एकटे जाऊ नका, धरणार नाहीत."

ती घरी आली नाही. मंडळाच्या चिटणिसांनी दंतवैद्यांना जोडीला एक बोलके हिशेबतपासनीस देऊ केले. दंतवैद्यांनी दाढ दुखत असल्याचं कळवलं, जे कोणालाच खरं वाटलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःशी ठरवलं, एकदाच जायचं. फटाकडी मिळाली तर ठीक, नाहीतर दोन्ही दुर्बिणी मंडळाला देऊन टाकायच्या आणि रविवारी इतर माणसांसारखं झोपायचं. सोबत मेहुण्याला घेतलं, कारण त्याचं नाक बहिणीचं होतं. हे कारण अर्थात त्याला सांगितलेलं नव्हतं.

लव्हाळी हलली. बुडाशी काहीतरी तपकिरी सरकलं आणि आत गेलं.

दंतवैद्यांनी आपली दुर्बीण डोळ्यांना लावली. "दिसली?"

"नाही."

"अरे, ती मोडकी काडी आहे ना..."

"काडी दिसली."

"तिच्या डावीकडे."

"चिखल आहे."

"आत्ता होती तिथे. फटाकडीच होती ती."

"असेल. मला नाही दिसली."

दंतवैद्यांनी दुर्बीण खाली घेतली. "दिसली म्हण."

"न दिसता?"

"तुझं काय जातंय?"

"भाऊजी, रोज लोक मला हेच विचारतात. गाडी स्वतः भिंतीवर घालतात आणि म्हणतात, ट्रक लिही, तुझं काय जातंय."

"तुझी बहीण लगेच म्हणायची."

पंचनाम्याने सदऱ्याच्या टोकाने दुर्बिणीची काच पुसायला घेतली. ती स्वच्छच होती. तरी त्याने दुसरीही पुसली.

"ताईला दिसायचं नाही, भाऊजी."

दंतवैद्य लव्हाळीकडे पाहत राहिले.

"दुर्बीण तिला जमलीच नाही कधी. दोन्ही डोळ्यांचं मिळून एक व्हायचंच नाही. नुसतं हिरवं दिसतं म्हणायची. मला बजावलं होतं, ह्यांना सांगू नकोस, ह्यांची सगळी पाखरं उडून जातील." तो थांबला. "मी आत्ता बोलायला नको होतं."

"माहीत होतं मला."

"काय?"

"मी बोट करायच्या आत 'दिसला' म्हणायची. कोणालाही कळलं असतं." दंतवैद्यांनी ओला मोजा पिळला. "एकदा मुद्दाम रिकाम्या झाडाकडे बोट केलं."

"मग?"

"म्हणाली, अहो, काय रंग आहे."

पंचनामा हसणार होता. पण भाऊजींचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. "मग तुम्ही काय केलंत?"

"दोन दिवस बोललो नाही. तिला वाटलं दवाखान्यात काही बिनसलं. रविवारी पहाटे बघतो तर माझ्याआधी बूट घालून, डबा घेऊन दारात उभी. चला म्हणाली, ऊन चढतंय." त्यांनी मोजा पुन्हा पायात चढवला. "नंतर कधी रिकामं झाड दाखवलं नाही."

धुकं निवळत होतं. पाण्यावरून कुठलासा बगळा सावकाश पलीकडे गेला; दोघांनीही त्याची दखल घेतली नाही.

"चल," दंतवैद्य गुडघ्यावर हात देऊन उठले. "झालं आपलं."

पंचनाम्याने त्यांची बाही धरून खाली ओढलं. दुर्बीण त्याच्या डोळ्यांना लागलेली होती.

"दिसली."

"राहू दे रे. तुला नाही जमत."

"भाऊजी, देवाशपथ." त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "रंग तपकिरी. बाजूला पांढरा ओरखडा, सरळ, आडवा. शेपटी झटकते, तिच्या खाली पांढरं. मागून मोठी आली. मोठी काळी. कपाळापासून चोचीपर्यंत लाल, टोकाला पिवळं. धाकटीला भरवतेय. पुन्हा भरवलं." तो श्वास घ्यायला थांबला. "मला वाटायचं तुम्ही दोघं रविवारी नुसते फिरायला जाता. भाऊजी, हे असं असतं?"

"असं असतं."

"हीच ना ती? आता धरतील ना?"

दंतवैद्यांनी आपली दुर्बीण उचलली नाही. त्या वर्णनानंतर उचलायची गरज नव्हती. ते मेहुण्याच्या शेजारी, ओल्या गवतात, फतकल मारून बसले.

"हीच," ते म्हणाले. "अजून काय दिसतंय?"

पंचनामा सांगत राहिला. पाणकोंबडी होती ती, पिलासकट. शहरातल्या कुठल्याही नाल्यात असते.