तिप्पट जोर

"भोक परत दीड मिलिमीटर सरकलंय!" ताईने प्लेट टेबलावर आपटली. "मिस्त्री, क्लॅम्प आवळता की नुसता गोंजारता?"

मिस्त्रींनी भोकात पिन घालून पाहिली. तिरकी अडकली. हे मिलिंग मशीन ते तरुणपणापासून चालवत होते.

"दोनदा आवळला, ताई."

"मग प्लेट काय चालत गेली? आणखी एक वाया गेली तर हे काम हातचं जाईल, आणि मला दुसरा माणूस बघावा लागेल. सांगून ठेवते."

ताईचा धाकटा भाऊ मशीनला हुकूम देणाऱ्या कंट्रोलरपाशी उभा होता. घरात सगळे त्याला इंजिनीअर म्हणत. होता कारखान्यातला इलेक्ट्रिशियन. मशीनच्या जळालेल्या मोटरी काढून नव्या त्यानेच बसवल्या होत्या. दुकानातली सगळ्यांत वजनदार स्टेपर मोटर त्याने उचलली. मोटरला लहान पुली, टेबल सरकवणाऱ्या स्क्रूला तिप्पट मोठी. म्हणजे जोर तिप्पट. "हत्ती बांधलाय, हत्ती!" ताई आल्यागेल्याला सांगायची.

रिकामं टेबल वेगात मागे सरकलं आणि मोटर क्षणभर कण्हली. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. हा सगळा जोर मोटर सावकाश फिरतानाचा. वेगात तो ओसरतो, आणि त्याच्या पुल्यांमुळे तिला तिप्पट पळावं लागत होतं. मध्येच ती अडखळायची आणि टेबल थोडं मागे राहायचं. कंट्रोलरला त्याचा पत्ताच नसे. तो आपला पुढचं भोक पाडून मोकळा. वेग वाढला की जोर किती उतरतो, त्याचा आलेख दुकानदाराने समोर धरला होता. याने नुसतं मोटरचं वजन पाहिलं होतं.

"ताई, ऐक ना—"

"तू मध्ये पडू नकोस. तुझं काम चोख आहे."

ती नवी प्लेट आणायला आत गेली. मिस्त्री वाकून क्लॅम्प पुसत होते. त्याने स्क्रीनवर टेबल सरकण्याचा वेग निम्म्यावर आणला.

या वेळी पिन सरळ गेली.

"बघा! मनावर घेतलं की जमतं," ताई म्हणाली आणि फोन लावत बाहेर गेली.

मिस्त्री बराच वेळ पिन आतबाहेर करत राहिले. "मी तर तेवढाच आवळला होता," ते म्हणाले. मग ओशाळं हसले. "वय झालं, इंजिनीअर. हाताचा अंदाज गेला. पुढची प्लेट लावतो, तेवढा क्लॅम्प तुम्ही बघता का? माझा मला भरवसा नाही राहिला."

त्याने तोंड उघडलं. बाहेर ताई फोनवर कुणाला तरी त्याचंच कौतुक सांगत होती.

"बघतो," तो म्हणाला.

मिस्त्रींनी प्लेट लावली, क्लॅम्प आवळला आणि पाना त्याच्या हातात दिला. त्याने जोर लावून पाहिला. नट तसूभरही हलला नाही.

"घट्टच आहे, मिस्त्री."

"तुमचा हात लागला ना," मिस्त्री म्हणाले, आणि नव्या शिकाऊ उमेदवारासारखे हात मागे बांधून बाजूला उभे राहिले.