देवदाराच्या कौलाने खाल्लेले खिळे

मी एक जुनं देवदारी कौल आहे. मातीचं नव्हे, लाकडाचं. दीड हात लांब, वीतभर रुंद आणि खाऱ्या वाऱ्याने राखाडी झालेलं. पण मित्रांनो, माझी हकिगत माझ्यापासून सुरू होत नाही. ती सुरू होते खिळ्यांच्या दोन पिपांपासून, आणि ते खिळे वापरून म्हातारा याल्मारी काय कमावणार होता, तिथपासून.

कमाई लहान नव्हती. फिनलंड सोडून कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या बेटावर येताना बोटीत मोजकंच सामान नेता येत होतं. बायकोचा हातमाग घ्यायचा, की गावाकडच्या छपराच्या खिळ्यांची दोन पिपं? याल्मारीने पिपं घेतली. बायको धक्क्यावर रडली, आणि बेटावर आल्यावरही मरेपर्यंत हातमागाचं नाव काढत राहिली. इथे घर बांधलं ते घाईत, फळ्या ठोकून. खिळे तसेच राहिले. शेजारी त्या पिपांना ‘याल्मारीचा खजिना’ म्हणू लागले. आता ते खिळे एकदाचे छपरात बसले, की बायकोशी चाललेलं बावीस वर्षांचं भांडण तो जिंकणार होता. ती जाऊन नऊ वर्षं झाली होती, ही त्याला अडचण वाटत नव्हती.

छप्पर बदलायचं कारण मात्र भांडणाहून मोठं होतं. जुन्या फळ्या गळत. समुद्राकडच्या कोपऱ्यात पाळणा असे, आणि त्याच ओल्या कोपऱ्यात सून सैमाचा पहिला मुलगा छाती भरून गेला होता. आता तिला वर्षाची मुलगी होती, किर्स्ती, आणि तिचीही छाती घरघर वाजायची. होडीने येणारी नर्स स्पष्ट सांगून गेली, “हिला औषधापेक्षा कोरडी खोली द्या.” सैमाने ते वाक्य मनात कोरून ठेवलं. त्या उन्हाळ्यात ती स्वयंपाक करताना, जाळं विणताना, एकच गोष्ट मोजायची: पावसाला किती आठवडे उरले.

लाकूड निवडताना म्हाताऱ्याने चूक केली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. वादळाने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या ओंडक्यांमध्ये तो चार दिवस हिंडला. मुलगा आर्वो वैतागून म्हणाला, “बाबा, छप्पर घालायचंय, लग्न जुळवायचं नाहीये.”

“लग्न मोडता येतं,” म्हातारा म्हणाला. “छप्पर मोडून झोपणार कुठे?”

शेवटी त्याने आमचं झाड पसंत केलं. तांबडा देवदार, शेकडो वर्षांचा. त्याने साल सोलून रेषा पाहिल्या, त्या ताणलेल्या दोरीसारख्या सरळ होत्या. गाठ एकही नाही. बाहेरचा पांढरा भाग त्याने टाकून दिला आणि फक्त आतला लाल गाभा घेतला. मग लांब पातं गाभ्यावर टेकवून तो वरून मोगरी मारायचा आणि एकेक कौल सुटं व्हायचं. दर कौलामागे तो ठोकळा उलटा करी, म्हणजे एक टोक जाड आणि एक पातळ निघे. मी सुटलो तेव्हा त्याने मला नाकाशी धरून वास घेतला आणि म्हणाला, “हे मला पुरून उरेल.” इतकं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

त्या वासातच सगळी मेख होती. तो वास आमच्या रसाचा. त्या रसामुळे आम्हाला कीड लागत नाही, कुजायला आम्हाला पिढ्या लागतात. पण साधं लोखंड आमच्यात रुतलं आणि वर खारा पाऊस पडत राहिला, तर तोच रस ते लोखंड खातो. आमचा इलाज नाही. आम्ही तसेच घडलो आहोत.

हे बेटावर एका बाईला कळलं होतं, आणि तेही वाचून नव्हे. सैमाने दोन हिवाळ्यांपूर्वी सौनात, म्हणजे आंघोळीच्या वाफखोलीत, देवदाराची एक फळी याच खिळ्यांनी ठोकली होती. ती तिने उचकटली, आणि खिळा सासऱ्यासमोर टेबलावर ठेवला. काळा पडून तो अर्धाच उरला होता.

“मामंजी, हे बघा. सोसायटीच्या दुकानात जस्ताचा मुलामा दिलेले खिळे मिळतात.”

याल्मारी खडीसाखर दातात धरून कॉफी पीत होता. त्याने साखर हलू दिली नाही. “सौनात वाफ असते. वाफेत लोखंड कुजणारच. छपरावर कुठली आलीय वाफ?”

“छपरावर पाऊस असतो. नऊ महिने.”

“माझ्या बापाचं छप्पर याच खिळ्यांवर चाळीस वर्षं उभं होतं.”

“ते पाइनचं होतं. आणि तिथे समुद्र नव्हता. मामंजी, त्या कोपऱ्यात किर्स्ती झोपते.”

“म्हणून तर घरचे खिळे वापरतोय!” म्हातारा खवळला. “दुकानातले खिळे कुणी, कुठे केले, कुणास ठाऊक. हे माझ्या गावचे आहेत.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. आर्वो बुटाची नाडी बांधत होता. ती नाडी बांधायला त्याला फार वेळ लागला. नंतर बाहेर तो हळूच म्हणाला, “सैमा, त्या पिपांसाठी आई रडली होती. आता ती फेकून द्या, असं बाबांना कसं सांगू?”

“मी रडले तर चालेल?” तिने विचारलं. तो जाळी आवरायला गेला.

ऑगस्टमध्ये छपराचं श्रमदान ठरलं. आपल्याकडच्या इर्जिकीसारखंच ते असतं: एका घराचं काम, सगळ्या गावाचे हात. सामान यजमानाचं, जेवण यजमानाचं, आणि आलेल्याने यजमानाच्या सामानाला नावं ठेवायची नाहीत, ही तिथली रीत. सव्वीस माणसं आली. सैमाने तीन दिवस राय धान्याच्या काळ्या भाकरी भाजल्या होत्या. वळचणीपासून वर, ओळीवर ओळ अशी आम्ही बसत गेलो. शेजाऱ्याशी चिकटून नाही. पावसात फुगायला मध्ये बोटभर फट. प्रत्येकाला दोन खिळे, आणि वरच्या ओळीने ते खिळे झाकायचे. असं की एकदा छप्पर झालं, की खिळा कुणालाच दिसत नाही. फक्त ज्याच्या अंगात तो रुतलाय, त्याला कळतो.

मला समुद्राकडच्या कोपऱ्यात, तिसऱ्या ओळीत, एमिल नावाच्या शेजाऱ्याने ठोकलं. एमिल होडीबांध्या होता. होडीत कुठला खिळा चालतो हे त्याला झोपेतही कळे. पिपातून मूठ भरताना तो थांबला. एक खिळा त्याने नखाने खरवडला, शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्यानेही पाहिलं. मग दोघांनी चार-चार खिळे ओठांत धरले, जसे सगळेच सुतार धरतात, आणि ठोकू लागले. मित्रांनो, त्या दिवशी त्या छपरावर खिळ्यांची पारख असलेली निदान सहा माणसं होती, आणि सहाही जणांची तोंडं खिळ्यांनी भरलेली होती.

संध्याकाळी खाली उभं राहून याल्मारी बराच वेळ वर बघत राहिला. “काय, खजिना संपला का?” कुणीतरी चिडवलं. “एक पीप उरलंय,” तो ऐटीत म्हणाला. त्या रात्री पहिल्यांदा त्याने बायकोचं नाव हसून घेतलं.

पुढची चार वर्षं आमची स्तुती झाली. खोली कोरडी होती. किर्स्तीची छाती शांत झाली, ती पळू लागली, ओरडू लागली. सैमाही हळूहळू पावसाचे आठवडे मोजायचं विसरली. आणि मला मात्र दर हिवाळ्यात माझ्या अंगात काय चाललंय ते कळत होतं. पहिल्या वर्षी खिळ्याभोवती काळं कडं आलं. तिसऱ्या वर्षी खिळा बारीक झाला. पाचव्या वर्षी माझा डावा खिळा गेला. मोडला नाही, मी तो संपवला. मला ओरडावंसं वाटे. खाली पोरगी गाणं म्हणत असायची, आणि मी तिच्या डोक्यावरचा आधार थेंबाथेंबाने खात असायचो. मला तोंड नव्हतं. ज्यांना होतं, ते वाटेने जाताना मान वर करून म्हणत, “चांगलं बसलंय हो छप्पर!”

सहाव्या नोव्हेंबरात आर्वो मुख्य भूमीवर लाकूडतोडीच्या छावणीत होता. किर्स्तीला तापाने धरलं आणि छाती पुन्हा वाजू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळीच आग्नेयेकडून वादळ उठलं. डॉक्टरची होडी निघणं शक्यच नव्हतं. दहाच्या सुमाराला पहिल्या ओळीतलं टोकाचं कौल उडालं. मग दुसरं. मग चार एकदम, पत्ते उधळावेत तशी. पाणी सरळ खाटेवर पडू लागलं. सैमाने खाट ओढली, तर तिथेही पाणी. पोरीच्या अंगावर तिने बोटीचं मेणकापड टाकलं, आणि आढ्याकडे बघत उभी राहिली. तिच्या पहिल्या मुलाच्या वेळी ती अशीच उभी राहिली असणार.

मग ती धावत जाऊन हेरिंगचं मोठं जाळं घेऊन आली.

“मामंजी, दोरी आढ्यावरून पलीकडे टाका. जाळं वर ओढायचं, खाली दगड बांधायचे.”

“मी चढतो,” म्हातारा म्हणाला.

“तुमचे गुडघे जिनाही चढत नाहीत.”

“छप्पर माझं आहे!”

“पोरगी माझी आहे. दोरी धरा.”

तिने शिडी लावली. तेवढ्या वाऱ्यातही तो खालून ओरडला, “खिळे चांगले होते, सैमा! वाराच असा—”

“भांडण खाली उतरल्यावर, मामंजी! दोरी सोडू नका!”

ती चढली. जाळं खांद्यावर, बोटं आमच्या फटींत. तिने जाळं आढ्यापर्यंत नेलं, पलीकडे लोटलं, म्हाताऱ्याने तिकडून ओढून दगड बांधले. वाऱ्याने उचललेली उरलेली कौलं जाळ्याखाली दबून जागेवर बसली आणि सरकवलेल्या खाटेवरची धार थांबली. काम झालं होतं. ती उतरायला वळली आणि तिने पाय ठेवला तो माझ्यावर.

माझा एकच खिळा उरला होता, काडीएवढा. मी फुगून शेजाऱ्यांना घट्ट धरायचा प्रयत्न केला. जाळ्याची कड माझ्या वरच्या ओळीवरच संपत होती, मी उघडाच होतो. तिचा सगळा भार आला आणि तो खिळा तुटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मी घसरलो. ती माझ्याबरोबर घसरली आणि लाकडांच्या ढिगावर उजव्या कोपरावर पडली.

दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर गाव आलं. एमिलने पडलेल्या एका कौलातला खिळा दोन बोटांनी दाबला. त्याचा भुगा झाला.

“आम्हाला दिसलं होतं,” तो खाली बघत म्हणाला.

“मग बोलला का नाहीस?” त्याची बायको फान्नी सगळ्यांसमोर कडाडली.

“श्रमदानाला जाऊन यजमानाच्या खिळ्यांना नावं ठेवायची?”

“नावं ठेवायची नव्हती रे, मेल्या. सांगायचं होतं!”

याल्मारी दारात उभा राहून हे ऐकत होता. आत जाऊन त्याने कॉफी केली, आणि त्या घरात पहिला पेला नेहमी त्याचा असे, तो त्याने सैमाच्या खाटेशी नेऊन धरला. तिचा उजवा हात फळीला बांधलेला होता. तिने डाव्या हाताने पेला घेतला.

“भांडायचंय?” त्याने विचारलं.

“नाही, मामंजी. पोरीचा ताप उतरलाय.”

म्हातारा पाठ फिरवून रडला. उरलेलं पीप त्याने स्वतः धक्क्यावर नेऊन समुद्रात ओतलं आणि दुकानातून जस्ताचे खिळे आणले. छप्पर पुन्हा घातलं गेलं. मी टोकाला चिरलो होतो, म्हणून मला कोंबड्यांच्या खुराड्यावर बसवलं. तिथे मी अजून आहे. तीस वर्षं झाली. दोन्ही खिळे शाबूत, कोंबड्या कोरड्या. याल्मारी खरं बोलला होता, मी त्याला पुरून उरलो.

मित्रांनो, देवदार निवडा, रेषा सरळ बघा, फट सोडा. पण खिळा कुठला आहे तेही बघा, आणि दुसऱ्याच्या घरावर चुकीचा खिळा दिसला तर तो ओठांतून काढून आधी बोला. रीत मोडल्याचा राग चार दिवसांत ओसरतो.

आता हिशेब. खिळे याल्मारीचे होते. गप्प बसणं गावाचं, आणि आर्वोचंही. रस माझा. सगळ्या बेटावर सगळ्यांत जलद जाळं विणणाऱ्या, आणि एकटीनेच खरं सांगणाऱ्या बाईचा उजवा हात पुन्हा सरळ झाला नाही.