पांढरा टवका

"पाय पुसून ये गं, आणि भिंतीला हात लावू नकोस, रंग ओला आहे!"

आईचा हा आवाज बेचाळीस वर्षांपूर्वीचा. डोव्ही अजूनही उंबऱ्यावर पाय पुसते. आत आता जपण्यासारखं काही उरलेलं नाही. उघडे ओंडके, त्यांच्या फटींत लिंपलेली माती, आणि दाराशी राष्ट्रीय उद्यानाची पाटी: 'पहिल्या वसाहतकऱ्यांची झोपडी. साधी राहणी, समाधानी जीवन.'

अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियाच्या डोंगरातल्या या खोऱ्यात दर उन्हाळ्यात डोव्ही लांब झगा आणि कापडी टोपी घालून बसते आणि पाहुण्यांना ओकच्या कामट्यांची टोपली विणून दाखवते. नववं वर्ष. लाकूड ओलं आहे तोवर पाचर मारायची, सुरीनं कामटी सोलायची, पाण्यात बुडवून मऊ करायची. बोटांची चाल आईची, आणि ओठांत गाणंही तिचंच:

पहिली गं कामटी, सरळ काढ बाई,
वाकड्या कामटीला टोपलीत जागा नाही.

हे घर डोव्हीच्याच बापाचं, हे मात्र इथे कुणाला ठाऊक नाही. नोकरी मागायला आली तेव्हा तिनं नवऱ्याचं आडनाव लावलं आणि 'मी पलीकडच्या खोऱ्यातली' म्हणून ठोकून दिलं. इथून उठवलेली माणसं उद्यानवाल्यांना कामावर नको असत. पाणचक्कीवर मका दळून दाखवणारा म्हातारा एमरी एकदाच पाहुण्यांना म्हणाला होता, "आम्हाला इथनं हाकललं." पुढच्या उन्हाळ्यात त्याला बोलावणं आलं नाही. डोव्हीला पगाराचं एवढं नव्हतं. तिला किल्ली हवी होती. सकाळी कुलूप काढल्यापासून पहिला पाहुणा येईपर्यंतचा तास तिचा असे. आई बसायची तिथे, चुलाण्यापाशी, ती नुसती बसून राही.

चौतीस साली बापानं या ओंडक्यांवर रंधा मारलेल्या फळ्या ठोकल्या आणि पांढराशुभ्र रंग दिला. फळ्या आणि रंग दोन्ही आईच्या टोपल्यांच्या पैशांवर आलं होतं. दोन हिवाळे ती विणत होती, बोटं फुटेस्तोवर. पुढं दोनच वर्षांत रान राखायचं म्हणून सरकारनं खोरं रिकामं केलं. रंगवलेली घरं जाळली. हे वाचलं, कारण फळ्यांखाली पाहुण्यांना दाखवण्याजोगे जुने ओंडके निघाले. मग फळ्या उचकटल्या, खिडक्यांच्या काचा काढल्या आणि नांदतं घर एका आठवड्यात शंभर वर्षांनी म्हातारं केलं. बाप शहरात सूतगिरणीच्या चाळीत खोकून मेला. आईनं तिथे एकही टोपली विणली नाही.

राहिला होता एक खिळा. दाराच्या चौकटीशेजारी, आणि त्याच्या माथ्याखाली चिमटीत अडकलेला फळीचा तुकडा. त्यावर नखाएवढा पांढरा टवका. रोज सकाळी डोव्ही त्यावर अंगठा टेकवी. हळूच. रंग अजून ओला असावा तसा.

शहात्तर सालचा जुलै होता. देशाचा दोनशेवा वाढदिवस. टीव्हीवाले येणार म्हणून देखरेखीवरचा वेंडेल सकाळीच धावत आला. पोरगा ओहायोचा, मनानं चांगला.

"डोव्हीबाई, तेवढं घड्याळ काढा. आणि चष्मा."

"दातही काढून ठेवू का रे? तेही दुकानातलेच आहेत."

"थट्टा नका करू. आज अख्खा देश बघणार आहे तुम्हाला."

"मग देशाला सांग, मला चष्म्याशिवाय कामटी दिसत नाही. बोट कापलं तर रक्त मात्र जुन्या काळचंच निघेल."

वेंडेल हसला. डोव्हीनं घड्याळ आणि चष्मा काढून झग्याच्या खिशात टाकले. टीव्हीवाली मुलगी मार्सिया आली, कॅमेरा लागला. तिनं विचारलं, "इतक्या थोडक्यात तुमचे पूर्वज किती सुखी होते, नाही?"

डोव्हीनं नऊ वर्षं घोटलेलं वाक्य म्हटलं, "डोंगरानं दिलं तेवढं त्यांना पुरत होतं."

"सुंदर! पुन्हा एकदा, जरा हसून. आणि वेंडेल, तो खिळा दिसतोय हो मागे. तेव्हा असे खिळे होते का?"

"नव्हते. नंतर कुणीतरी ठोकला असेल," वेंडेल म्हणाला. खिशातला चाकू काढून त्यानं खिळा उचकटला, उरलेला तुकडा खरवडला आणि अंगठ्यानं भिंत पुसली. "आता कसं अस्सल दिसतंय!"

पांढरी भुकटी उंबऱ्यावर सांडली. वेंडेलनं ती बुटानं बाजूला सारली.

डोव्हीच्या हातातली कामटी थांबली.

"बाई, बोला ना," मार्सिया म्हणाली. "तेच वाक्य. पुरत होतं."

डोव्हीनं टोपली मांडीवरून खाली ठेवली. डोक्यावरची कापडी टोपी काढली. झग्याच्या खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. मग खिळ्याच्या भोकाकडे बघत, आईला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"नव्हतं पुरत. म्हणून तर माझी आई टोपल्या विणायची. हे माझं घर आहे, वेंडेल. आणि ते पांढरं होतं."