पाण्याचं कुलूप

कोणाला खरं वाटणार नाही, आणि वाटावं असा आपला आग्रहही नाही. पण पौषातल्या त्या उतरत्या दुपारी भीमेच्या फुगवट्याचं पाणी लाजलं. देखता देखता लाजलं. आधी नीलधूसर होतं, निश्चल होतं, धरणाच्या भिंतीला टेकून पेंगत होतं. आणि मग रोहित पक्ष्यांचा थवा एकाएकी उठला, सहस्र श्वेतारुण पंख एकदम उघडले, आणि त्या विशाल, व्रतस्थ जलाशयाच्या गालांवर गुलाल चढला.

काठावर भोयांची वस्ती. बाभळींवर वाळणारी जाळी, पालथ्या निजलेल्या नावा, चिलापी माशांच्या खवल्यांनी लखलखणारी पायवाट. वाटेच्या टोकाला केरबा मल्लावाचं शेणानं सारवलेलं अंगण. अंगणात चार माणसं, आणि चार माणसांच्या मधोमध सात चिंचोके.

त्यांना चिंचोके म्हणेल तो अडाणी. ती सात सरोवरं होती.

"कुणी इश्वास ठेवायचा न्हाई," केरबा म्हणाला, आणि त्यानं पहिल्या सरोवरावर बोट टेकवलं.

बेचाळीस वर्षं ही कथा याच वाक्यानं सुरू होत आली होती. बारशाला झाली, साखरपुड्याला झाली, मयताच्या बैठकीलाही झाली. पण आजचं सांगणं वेगळं होतं. आज नुसतं ऐकायचं नव्हतं, आज निघायचं ठरवायचं होतं. परवाची गाडी होती. केरळातली हाउसबोट तीन दिवसांसाठी ठरली होती. रोहित बघायला येणाऱ्या पाहुण्यांना नावेतून फिरवणारा जावई दिगंबर, अंगणवाडीत मुलांना शिकवणारी लेक शालन, केरबा, आणि केरबाची बायको गजराबाई, अशी चौघं जाणार होती. आणि गळ कुठं टाकायचा, मुक्काम कुठं करायचा, हे ज्यानं ती सरोवरं पाहिली होती तोच सांगणार होता.

"ह्यो पहिला तलाव. हिरवागार. हात घातला की मनगटापतूर मेंदी चढती. हितं गळ टाकायचा न्हाई, हितं निस्तं बघायचं. तिसऱ्यात टाकायचा. तिसऱ्याचं पाणी इतकं नितळ, की माशाच्या आधी माशाची सावलीच गळाला लागती. आन् पाचव्यात मासे इतके म्हातारे, की गळ सोडला तर आधी इचारत्यात, कुणाचा रं तू?"

"मग मामा, आमिष नको न्यायला," दिगंबर म्हणाला. "आधारकार्ड नेऊ."

शालन हसली. केरबा हसला नाही. त्यानं काडेपेटी उघडली आणि दोन सरोवरांच्या मधे एक काडी आडवी ठेवली. "आन् हितं लॉक," तो म्हणाला, आवाज गाभाऱ्यातल्यासारखा खाली आणून. "पाण्याला कुलूप."

पाण्याला कुलूप. हे दोन शब्द आले की गजराबाईच्या अंगावर दरवेळी काटा येई. आजही आला. फक्त आज ती कथेत पुढं येणारी किल्ली तिच्या हातात होती.

*

ती ओट्याच्या पायरीवर बसली होती. पुढ्यात चिंचेचा कोळ, राखेची वाटी, नारळाची शेंडी. शेंडीखाली वीतभर पितळी किल्ली. हिरवट, काळवंडलेली, कुठल्या तरी विस्मृत जलदेवतेच्या कमरेची असावी अशी.

बेचाळीस वर्षं ती किल्ली आढ्याला होती, लाल फडक्यात बांधलेली. दर खंडेनवमीला गजराबाई वल्ह्यांना, जाळ्यांना हळदकुंकू वाही, तेव्हा केरबा ती पुरचुंडी खाली काढी, तिच्या फडक्यावर कुंकू लावून घेई, आणि परत वर ठेवी. सोडायची नाही. परमुलखातल्या पाण्याची किल्ली आहे, घरच्या बाईचा हात लागला की कुलूप रुसतं, असं त्यानं सांगितलं होतं. आणि पाण्याचा रुसवा काय असतो ते गजराबाईला सांगावं लागत नव्हतं.

पण सकाळी दिगंबर म्हणाला, किल्ली घेऊ बरं का, तिकडच्या लोकांना दाखवू, मामाचा सत्कार करतील. केरबा जाळी आणायला गेला होता. गजराबाईनं मनात म्हटलं, सत्काराला काळी किल्ली कशी न्यायची? तिनं पुरचुंडी काढली, गाठ सोडली, आणि चिंच भिजत घातली.

केरबा परतला, तिच्या हातात काय आहे ते त्यानं पाहिलं, आणि जाळं खाली न ठेवताच मोठ्यानं म्हणाला, "चला चला, बसा सगळी! तलाव मांडू!"

*

तिला हवं होतं ते एवढंसंच होतं. एक रात्र. पाण्यानं वर उचलून धरलेल्या घरात एक रात्र झोप.

कारण पाण्यानं बुडवलेलं घर तिनं पाहिलं होतं. धरण भरलं त्या वर्षी शालन मांडीवर होती. सामानाची शेवटची गाडी शिगोशीग भरली. आईनं दिलेलं जातं तेवढं राहिलं. पुढच्या खेपेला नेऊ, म्हणाले. गजराबाईनं जात्याला पदरानं पुसलं, बाहेर आली, दार ओढलं, आणि दाराला कुलूप घातलं. पाणी येणार होतं. उद्या नाही तर परवा येणार होतं. सारं गाव दारं सताड टाकून, कित्येक तर दारं उपसून निघालं होतं, आणि ही बाई कुलूप ओढून ओढून पाहत होती नीट लागलं का!

गाव हसलं. नव्या वस्तीत वर्षभर हसत राहिलं. पुढची खेप झालीच नाही. पाणी आलं ते लाटेनं आलं नाही. पावलाशी, घोट्याशी, पोटरीशी, असं पाहुण्यासारखं अदबीनं चढत आलं, आणि पिंपळाच्या शेंड्यावरून एका सकाळी निमूट निघून गेलं. गडबडीत दाराची किल्लीही हरवली. जात्यासाठी ती रडली, किल्लीसाठी रडली नाही. कुलूपच पाण्यात, तर किल्ली घेऊन करायचं काय?

शिमगा झाला आणि केरबा म्हणाला, कामाला जातो, खाली केरळात जातो. आषाढात परत आला तो वाळून काटकी झालेला, डाव्या कानानं ठार बहिरा झालेला, आणि कमरेला ही पुरचुंडी. पैसा आणला नव्हता, गोष्ट आणली होती. सात सरोवरं. घरासारखी नाव, छप्पर असलेली, चूल असलेली, खिडकीला पडदा असलेली. पाण्याला म्हशीएवढं कुलूप, आणि ते उघडण्याचा मान केरबाचा. कुलूप उघडलं की पाणी असं गर्जतं, की कानाचा पडदा फाटतो.

"घर बुडतंच असं न्हाई गजरे," तो त्या रात्री पत्र्याच्या खोपटात म्हणाला होता. "घर तरंगतंबी. तुला दावीन."

त्या एका वाक्याच्या काठाकाठानं तिनं बेचाळीस वर्षं संसार वल्हवला.

*

"थांबा दादा," शालन बापाला म्हणाली. मोबाईल तिच्या हातात होता. "बोटवाल्यांनी माहिती पाठवलीय, मराठीतनं. वाचते. 'दुसऱ्या दिवशी आपण जलपाशातून जाऊ. जलपाश म्हणजे दोन दारांमधली पाण्याची खोली. बोट आत आली की मागचं दार मिटतं. मग खोलीत पाणी सोडतात. पाणी चढतं तशी बोट चढते. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं की पुढचं दार उघडतं. यालाच लॉक म्हणतात.'"

तिनं चित्र दाखवलं. दोन लोखंडी दारं होती. लुंगीवाला माणूस मोठं चाक फिरवत होता. मधे हिरवं, आज्ञाधारक पाणी.

दिगंबरनं चित्र जवळ घेतलं. मोठं केलं. आणखी मोठं केलं. "मामा," तो म्हणाला, आणि या वेळी तो थट्टा करत नव्हता, "ह्यात किल्ली कुठं लावायची?"

वाऱ्यानं एक आगकाडी हलवली. पहिल्या आणि दुसऱ्या सरोवराच्या मधलं कुलूप गडगडत तुळशीपाशी गेलं.

केरबाचं बोट पाचव्या चिंचोक्यावर होतं, तिथंच राहिलं. मग ते उचललं, हवेत फिरलं, शब्द शोधू लागलं. "ती नवी तऱ्हा असंल," तो म्हणाला. "आमच्या टायमाला... आमच्या टायमाला कुलूप हुतं. म्हशीएवढं! निस्तं भोक बारीक. तिथल्या इंजिनेराची अक्कल, म्हंजे चोराला सापडू नये म्हणून..."

तो बोलत होता. आवाज पातळ होत होता. शालन बापाकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत एकेक सरोवर आटत होतं.

गजराबाईच्या कानांवर काहीच येत नव्हतं. तिचा हात घासत राहिला होता, कारण हाताला थांबायचं सुचलं नव्हतं. हिरवट कळा गेली, काळी कळा गेली, आंबट फेसाखालून पितळ उजळत वर आलं, सोनसळी, कोवळं, नव्या नवरीच्या नथीसारखं. आणि तिच्या अंगठ्याला काहीतरी लागलं.

एक रेघ.

दुसरी रेघ.

तिसरी, जराशी तिरपी.

सासूच्या धान्याच्या पेटीची किल्ली अशीच होती, अगदी अशीच, अंधारात गल्लत होई. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात, मागच्या दाराशी बसून, एका चुकार खिळ्यानं, सोळा वर्षांच्या पोरीनं आपल्या किल्लीवर तीन रेघा ओढल्या होत्या. तिसरीला सासूनं हाक मारली, म्हणून ती तिरपी गेली.

तिच्या मागचं दार मिटलं. पुढचं अजून उघडलं नव्हतं. आणि मधल्या त्या इवल्या खोलीत पाणी चढू लागलं.

पावलाशी आलं: हा कधी केरळात गेलाच नाही. घोट्याशी आलं: धरणाच्या कामावर केरळी मिस्त्री होते, काठावर चहाला बसायचे, त्यांच्या तोंडून यानं तलाव ऐकले, नाव ऐकली, लॉक ऐकलं; आणि कमरेला किल्ली होती, म्हणून लॉकचा अर्थ यानं कुलूप लावला. पोटरीशी आलं: त्या उन्हाळ्यात एक धनगर सांगत आला होता, बाई, पल्याडच्या काठाला तुझ्या दादल्यागत एकजण दिसभर पाण्यात बुड्या मारतोय, आणि तिनं त्याला अंगणातून हाकललं होतं, माझा नवरा केरळात हाय म्हणून. छातीशी आलं: बहिरा कान, कुलपाच्या गर्जनेनं नव्हे, पाण्याच्या दाबानं फुटलेला. चार पुरुष खोल पाणी. दिवसभर, चार महिने, एकेका श्वासाची शिदोरी घेऊन, खाली, आणखी खाली, शेवाळल्या पिंपळाशेजारून, बुडालेल्या पाराला वळसा घालून, एका दारापर्यंत.

एका जात्यासाठी.

गळ्याशी आलं. ओठांशी आलं. श्वास घेता येईना.

"...आन् त्यो इंजिनेर मला म्हणला, केरबा, तू म्हणून तुला देतो ही किल्ली..."

"अवो."

एवढंच. मोठ्यानंही नाही. पण केरबा बोलायचा थांबला, आणि बेचाळीस वर्षांत मधेच थांबण्याची त्याची ही पहिली वेळ होती.

"ही किल्ली माझ्या दाराची हाय," गजराबाई म्हणाली. "ह्या रेघा म्या वढल्यात. तुमी कुठंसुदिक गेला नव्हता. तुमी हितंच, पल्याडच्या काठाला हुता."

दिगंबरनं मान खाली घातली. शालनचा हात तोंडावर गेला. केरबाचे ओठ हलले. कुणी इश्वास, इथवर आले, आणि पुढं काही फुटेना. सात सरोवरांचा तो सम्राट, माशांच्या सावल्या पकडणारा, पाण्याचा किल्लेदार, आपल्याच अंगणात उघडा पडून बसला होता. जाळ्यातून काढून ठेवलेल्या माशासारखा, नुसता श्वास घेत.

"दार उघाडलं हुतं का?" तिनं विचारलं.

त्यानं नाही अशी मान हलवली. "गाळानं धरलं हुतं, गजरे," तो म्हणाला. "किल्ली आत जायची. फिरायची न्हाई."

त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात साधं वाक्य होतं. त्यात ना मेंदी होती, ना म्हैस.

शालननं मोबाईल हळूच पालथा ठेवला, जायचं राहिलंच आता, अशा हातानं. गजराबाईनं तो परत सुलटा केला. चिंचेनं माखलेली बोटं पदराला पुसत म्हणाली, "कळव त्यास्नी. म्हणावं, म्हातारा-म्हातारी दोघंबी नवखी हायती. दाराशी नीट सांभाळून घ्या."

मग ती पाण्याकडे पाहत राहिली. रोहित परत उतरत होते. एकेक, दहा दहा, शतशः, अरुणवर्णी, मंदगती. जलाशय पुन्हा लाजत होता. त्या लाजऱ्या, विस्तीर्ण, मुक्या गुलाबीखाली एक गाव होतं. गावात एक दार होतं. दाराआड जातं, दाराला कुलूप, कुलपाला गाळ.

आणि किल्ली, लखलखीत, घरच्या बाईच्या ओल्या मुठीत.